उडुपांत बसण्यापूर्वीं

रघुवंशाच्या आरंभीं कालिदासानें आपल्या अल्पमतीविषयीं बोलतांना, लहानशा उडुपानें दुस्तर सागर तरूं पाहणाऱ्या मनुष्याची उपमा घेतली आहे, हें ज्यांनीं शाळेंत संस्कृत घेतलें होतें त्यांस आठवत असेल. उडुप म्हणजे नेमकें काय, असा प्रश्न वर्गांतील एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारीत असे. अमरकोशांत उडुपास प्लव आणि कोल असे प्रतिशब्द दिले आहेत. मल्लिनाथ त्याखेरीज चामड्यानें मढविलेलें जलयान असाहि अर्थ सांगतो. नाव नव्हे, होडी नव्हे, मनुष्यास कसेंबसें पाण्यावर धरून ठेवणारें एक साधन, एवढाच त्याचा भावार्थ. हा जुना शब्द आज पुन्हां काढण्यास आमच्याकडे आलेलें एक पत्र कारण झालें आहे.

एका एकत्र कुटुंबांतील भगिनीनें तें धाडलें आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील आयडाहो राज्यांत असतात. गेल्या उन्हाळ्यांत ते तेथील हेन्रीज लेक नांवाच्या सरोवरावर, हवा भरलेल्या एका तरंगत्या आसनांत बसून, प्रथमच मासे धरावयास गेले आणि त्याची सविस्तर हकीकत त्यांनीं घरीं कळविली. ती माजघरांत मोठ्यानें वाचली गेली व घरांत तीन पक्ष पडले. मामंजी म्हणाले, "आपल्या घरांत आजवर कोणीं गळ हातीं धरला नाहीं, हें पाप आतांच कशाला?" धाकट्या पुतण्यास मात्र मोठी मौज वाटली, मालमोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब मिळवून जवळच्या धरणावर हाच प्रयोग करण्याचा बेत त्यानें लगेच बोलून दाखविला. आणि स्वतः त्या भगिनी लिहितात, "पापपुण्याचें मामंजी पाहतील. मला एवढेंच सांगा, कीं ह्यांत जिवाला धोका किती?" तिन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत; आणि परदेशीं मुलें असलेलीं घरें आतां थोडीं नाहींत, म्हणून त्यांचीं उत्तरें येथें सर्वांसाठींच देत आहों.

प्रथम वस्तु काय आहे तें समजून घेऊं. तिकडे तिला फ्लोट ट्यूब किंवा बेली बोट म्हणतात. मूळचें तिचें रूप अगदीं साधें: मालमोटारीच्या चाकांतील रबरी ट्यूब, तीवर जाड कापडाची खोळ, आणि मध्यें बसावयास पट्ट्यांचें आसन. पूर्ण वर्तुळ असल्यामुळें तींत पाय घालून शिरणें आणि बाहेर निघणें दोन्ही अवघड पडे. पुढें घोड्याच्या नालेसारखीं, समोरची बाजू मोकळी असलेलीं आसनें निघालीं. त्यांत हवेचे कप्पे एकाहून अधिक असतात व पाठीस टेकावयास सोय असते. बसणाऱ्याचे पाय गुडघ्यांच्या वरपर्यंत पाण्यांत लोंबत राहतात. पायांत बदकाच्या पायांसारखे रुंद रबरी पंख बांधलेले असतात. वल्हें नाहीं, शीड नाहीं, यंत्र नाहीं; हात गळाच्या काठीसाठीं मोकळे आणि चालविण्याचें सर्व काम पायांकडे. मांडीवर एक कापडी पडदा असतो. त्यावर ओढून घेतलेली दोरी पडते, आणि मासा मोजावयास त्यावर इंचांच्या खुणाहि छापलेल्या असतात.

ही कल्पना अमेरिकेंत जन्मास आली असें मात्र समजूं नये. असुरियाचा राजा सेन्नाचेरिब ह्याच्या निनेवे येथील राजवाड्यांतील, इ. स. पूर्वीं ७०० च्या सुमाराचे कोरीव शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. त्यांत फुगविलेल्या कातड्यावर घोड्यावर बसल्याप्रमाणें बसून मासे धरणारा कोळी दाखविला आहे. त्याच्या पाठीवर मासे ठेवण्याची टोपली आहे. त्याहूनहि सुमारें दीडशें वर्षें जुन्या, निमरूद येथील शिल्पांत अशाच कातड्यांवर पोटाचा भार टाकून नदी तरणारे लोक आहेत. आपल्या वैदिक वाङ्मयांतील दृति म्हणजे अशीच चामड्याची पिशवी. कधीं पाणी सांठविण्याची, कधीं वारा भरण्याची.

ह्याहून जवळचें उदाहरण सिंधचें आहे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांत होता आणि कराचीस अनेक महाराष्ट्रीय कुटुंबें नोकरीधंद्यासाठीं राहिलेलीं होतीं. त्यांपैकीं कित्येकांच्या घरीं ही गोष्ट वडिलांच्या तोंडून ऐकलेली असेल. सिंधु नदींत पल्ला नांवाचा मासा, ज्याला बंगाल्यांत इलिश म्हणतात, समुद्रांतून प्रवाहाविरुद्ध वर चढून येतो. तो धरण्यासाठीं तेथील मोहाणा जातीचे कोळी एक मोठा मातीचा घडा घेत, त्याच्या तोंडावर पोट टेकून पालथे पडत, आणि पायांनीं पाणी मारीत, हातांत लांब काठीला लावलेलें जाळें धरून, धारेबरोबर वाहत जात. मासा सांपडला कीं तो त्याच घड्यांत टाकावयाचा. घडा हीच नाव, घडा हीच टोपली, आणि घड्याचें तोंड बंद करणारें झांकण म्हणजे कोळ्याचें पोट. उल्हासनगरच्या सिंधी घरांतून झूलेलालाची जी तसबीर असते, तींत देव ज्या माशावर बसलेला आहे तो हाच पल्ला. १९३२ साली सक्करचा व १९५५ साली कोटरीचा बंधारा झाल्यावर माशाची वरची वाट अडली आणि त्याबरोबर ही कलाहि मागें पडली. आपल्याकडे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून पोहावयास शिकविण्याची चाल होती. दोन गोष्टींची 'सांगड घालणें' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतों, पण तो ह्याच पाण्यांतल्या सांगडीवरून आला आहे हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. घड्यावरचा सिंधी कोळी आणि कातड्यावरचा असुरी कोळी हे लहानपणापासून पाण्यांत वाढलेले होते; साधन हातचें गेलें तरी ते पोहून तीर गांठीत. आजच्या आसनांत बसणारा मनुष्य बहुधा कचेरींतून उठून आलेला असतो. साधन सुधारलें आहे, पण बसणारा कच्चा आहे. आणि भगिनींच्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे.

आतां चिरंजीवांच्या हकीकतीकडे वळूं. हेन्रीज लेक हें आयडाहो व मोन्टाना ह्या राज्यांच्या सीमेजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारें ६,५०० फूट उंचीवर, डोंगरांच्या कड्यांत आहे. १८१० च्या सुमारास त्या भागांत आलेल्या अँड्र्यू हेन्री नांवाच्या कातड्यांच्या व्यापाऱ्यावरून त्याला नांव पडलें. विस्तार मोठा असला तरी खोली थोडी, तळाशीं पाणवनस्पती दाट, आणि त्यांत किडे व जळवा विपुल. त्यामुळें तेथील ट्राउट मासे चांगले पोसतात. उन्हाळ्यांत पाणी तापलें कीं जेथें थंड झरे येऊन मिळतात तेथें ते गोळा होतात. अशा जागीं यंत्राच्या होडीनें गडबड करण्यापेक्षां निःशब्द आसनांत बसून जाणें सोयीचें, म्हणून हें सरोवर ह्या छंदाच्या लोकांत प्रसिद्ध आहे.

चिरंजीव लिहितात, कीं पहिलें आश्चर्य पाण्यांत उतरण्यापूर्वींच भेटलें. पायांत ते रुंद पंख बांधल्यावर पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. मनुष्य तोंडावर पडतो. म्हणून तळ्यांत शिरावयाचें तें पाठमोरें. मांड्यांपर्यंत पाणी आल्यावर हळूच खालीं बसावयाचें. दुसरें आश्चर्य असें, कीं आसनहि पाठमोरेंच चालतें. पाय पुढें झाडले कीं पाणी पुढें ढकललें जातें व आसन मागें सरकतें. क्रियेस प्रतिक्रिया सारखी व उलट, हा न्यूटनचा नियम शाळेंत पाठ केलेला येथें मांड्यांस कळतो. जिकडे जावयाचें तिकडे पाठ, आणि जें मागें टाकलें तें डोळ्यांसमोर. मान वळवून वळवून पाहावें लागतें. पण ह्या उलट्या चालीचा लाभहि आहे. सोडलेली दोरी आपोआप समोर पसरत जाते; गळ फेकण्याची कला न साधलेल्या नवख्यासहि नुसतें सावकाश मागें सरत राहिल्यानें आमिष पाण्यांतून जिवंत प्राण्यासारखें चालवितां येतें.

पुढें ते लिहितात, कीं डोळे पाण्यापासून हात दीड हातावर असल्यामुळें तळें एकदम अफाट दिसूं लागलें. पाणपक्षी भ्याले नाहींत. एक तर अगदीं जवळून गेला. अर्ध्या तासानें दोरीस हिसका बसला, आणि मासा जिकडे ओढील तिकडे आसनहि हळूहळू तोंड फिरवूं लागलें. तो कटथ्रोट जातीचा ट्राउट होता. गळ्याखालीं तांबड्या रेषा असतात म्हणून तें नांव. त्यांनीं तो जाळींत घेतला, गळ काढला आणि सोडून दिला.

पत्राच्या शेवटीं, थट्टेच्या सुरांत, चार ओळी आहेत. दुपारीं वारा सुटला. सकाळीं वाऱ्याच्या झुळुकेबरोबर ते सहज दूर गेले होते. आतां तोच वारा जोराचा होऊन समोरून येऊं लागला. बराच वेळ पाय मारूनहि तीर जवळ येईना. शेवटीं त्यांनीं झगडा सोडला, वाऱ्यास तिरपे होऊन भलत्याच कांठास लागले आणि आसन पाठीवर घेऊन तासभर चालत मुक्कामीं आले. "चांगला व्यायाम झाला," असें त्यावर त्यांचें भाष्य आहे. घरांतील इतर मंडळी ह्या ओळींवर हंसली. आईनें त्या दोनदां वाचल्या. आमच्या मतें त्या साऱ्या पत्रांत त्याच ओळी अधिक वाचण्याजोग्या आहेत. वाऱ्याशीं झगडणें सोडून मिळेल त्या कांठास लागणें हें त्यांनीं अत्यंत शहाणपणाचें केलें. मात्र तशी पाळी येणें टाळतां येण्याजोगें होतें.

तेव्हां त्या भगिनींनीं मुलास कोणत्या गोष्टी विचाराव्या, त्या क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट वाऱ्याची. पायांनीं चालणाऱ्या ह्या आसनाची गति ताशीं मैल दीड मैलाहून फारशी नसते आणि त्याचा पृष्ठभाग वाऱ्यास उघडा असतो. म्हणून नियम असा, कीं निघतांना वाऱ्याच्या तोंडावर जावें, म्हणजे दमल्यावर परततांना वारा साह्य करील. सकाळचें शांत पाणी पाहून भुलूं नये. डोंगरांतील तळ्यांवर दुपारीं वारा सुटणें व ढग गडगडणें नेहमींचें आहे. गडगडाट ऐकूं येतांच बाहेर यावें. हल्लींच्या गळकाठ्या कार्बनच्या तंतूंच्या असतात आणि त्यांतून वीज वाहते.

दुसरी गोष्ट लाइफ जॅकेटची. हवेचें आसन हें जॅकेटाच्या ऐवजीं नव्हे. आसन उलटलें किंवा त्यांतून घसरलें तर अंगावर असेल तेवढेंच आपलें. तें बांधलेलें असावें. पाठीस अडकविलेलें उपयोगी नाहीं. त्यासच एक शिटी लावावी आणि डोक्यावर भडक रंगाची टोपी असावी. कारण पाण्यालगत बसलेला मनुष्य यंत्राच्या होडीवाल्यास लांबून दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट थंडीची. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें ओढून घेतें. वर ऊन असलें तरी पाय तासन् तास झऱ्याच्या पाण्यांत असतात. म्हणून छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार घालतात. तिच्या आंत लोंकरीचे कपडे हवेत आणि कमरेस बाहेरून पट्टा घट्ट हवा, म्हणजे मनुष्य पाण्यांत पडल्यास ती एकदम भरत नाहीं. पाय बधिर होऊं लागले कीं तो दिवस संपला असें समजावें. कारण वल्हें तेंच आहे.

चौथी गोष्ट आंतल्या हवेची, आणि येथें पदार्थविज्ञान कामास येतें. खालच्या गांवीं घट्ट भरलेलें आसन गाडींतून ६,५०० फूट उंचीवर नेलें, तर तेथें बाहेरील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षां सुमारें एकपंचमांश कमी असल्यामुळें आंतील हवा फुगते आणि शिवणीवर ताण येतो. उन्हांत कांठावर ठेवलें तरी तेंच. उलट थंड पाण्यांत उतरल्यावर ती हवा आकुंचन पावून आसन मऊ पडतें. म्हणून तें जागेवर भरावें, पाण्यांत थोडा वेळ ठेवून पुन्हां तपासावें, आणि मगच बसावें. एका इंद्रियाच्या द्वारें प्रज्ञा कशी झिरपून जाते हें सांगतांना मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत चामड्याच्या पिशवीच्या एका पायांतून गळणाऱ्या पाण्याचा दृष्टांत दिला आहे. एकच कप्पा असलेल्या आसनाचेंहि तसेंच होतें. म्हणून कप्पे किती आहेत हें विकत घेतांनाच पाहावें.

पांचवी गोष्ट अभ्यासाची. प्रथम दिवशीं गळ घरीं ठेवावा. कमरेइतक्या पाण्यांत, कांठाशीं, जोडीदाराच्या देखत, बसणें, वळणें, आणि मुख्य म्हणजे मांड्यांमधील पट्ट्याची कडी न पाहतां एका हातानें सोडणें, एवढें दहा वेळां करावें. वाहत्या नदींत हें आसन कधींहि नेऊं नये. धार आसनास ओढते, पाय खडकांत किंवा फांदींत अडकतात, आणि मग हवाच मनुष्यास सोडीत नाहीं.

एवढें पाळलें तर हा छंद शांत तळ्यावर फार भयंकर आहे असें नाहीं. भगिनींनीं मनाई करूं नये. मनाई केलेला मुलगा जाणें सोडीत नाहीं. तो फक्त त्या शेवटच्या चार ओळी लिहिणें सोडतो.

आतां मामंजींचा आक्षेप. तरुण मंडळी तो हंसण्यावारी नेतील, पण तो तसा नेण्याजोगा नाहीं. ब्राह्मणांनीं मासा वर्ज्य करणें हा नियम सर्वत्र सारखा आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं. कोंकण-गोमंतकांतील सारस्वत व बंगाल-मिथिलेंतील ब्राह्मण परंपरेनें मत्स्याहारी आहेत. तेव्हां जातीच्या नांवानें वाद घालण्यांत अर्थ नाहीं. पण दुसरा एक प्रश्न उरतो, आणि तो जातीचा नसून मनुष्यत्वाचा आहे. सिंधु नदींतील कोळी पोटासाठीं पोटावर पडत होता. जो खात नाहीं, धरून सोडून देतो, त्यानें केवळ करमणुकीसाठीं प्राण्याच्या तोंडांत लोखंड रुतवावें काय? माशास वेदना होत नाहींत असें पूर्वीं सर्रास म्हणत. २००३ साली स्कॉटलंडांत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशांच्या डोक्यावर व ओंठांवर इजा जाणणारे मज्जातंतूंचे अग्र आहेत असें दाखविलें; ओंठास दाहक द्रव्य टोंचलेले मासे खाणें सोडून ओंठ तळाच्या खड्यांवर घांसूं लागले. त्याला वेदना म्हणावें कीं नाहीं ह्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण जेथें शंका आहे तेथें शंकेचा फायदा दुर्बळास द्यावा, हें आम्हांस योग्य वाटतें.

ज्यांना मासे धरावयाचेच आहेत त्यांनीं सरकारी परवान्यांत बसतील तेवढेच खाण्यापुरते घ्यावे. आणि सोडावयाचा असेल तर गळाचा उलटा कांटा आधींच चेपून टाकावा, हात ओले केल्याशिवाय मासा धरूं नये, शक्यतों पाण्याबाहेर काढूं नये, व कडक उन्हाळ्यांत पाणी तापलें असतां ट्राउटास दमवूंच नये. आमचें स्वतःचें मत विचाराल तर गळाविना तें आसन अधिक शोभेल. चिरंजीवांच्याच पत्रांत पक्षी जवळून गेल्याचें वर्णन मासा धरल्याच्या वर्णनापेक्षां अधिक रंगलें आहे, हें मामंजींनीं व नातवानें दोघांनींहि पाहावें.

राहिला पुतण्याचा बेत. त्यास मात्र आमचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे. आपल्याकडील जलाशयांत मालमोटारीच्या ट्यूबवर बसून जाळीं टाकणारे मच्छीमार दिसतात; त्यांचें पाहून तें सोपें वाटतें. त्यांचें तें कौशल्य जन्माचें आहे, आणि जोखीम ते हौसेनें घेत नाहींत. होडी परवडत नाहीं म्हणून घेतात. नुसत्या ट्यूबला कप्पा एकच, बसावयास आसन नाहीं, धातूची तोटी अंगाला लागते, काळें रबर उन्हानें तापतें. धरणाच्या पाण्याखालीं बुडालेलीं झाडें असतात, पसरलेलीं जाळीं असतात, कोठें जलपर्णीचा जाड थर असतो, आणि दरवाजांजवळ पाण्याची ओढ वरून दिसत नाहीं. शिवाय मुंबईच्या पवई तलावांत आणि सांगलीच्या बाजूस कृष्णेंत मगरी आहेत; पाण्यांत लोंबणारे पाय घेऊन तेथें बसणें म्हणजे आपणच आमिष होणें. पुतण्यानें आधीं चांगल्या शिक्षकाकडे पोहणें शिकावें. तो वेळ फुकट जाणार नाहीं. पुढें कोणत्याहि देशांत, कोणत्याहि उडुपांत बसला तरी तें अंगीं राहील.

आणि चिरंजीवांचें पुढील पत्र येईल तेव्हां "किती मासे मिळाले?" असें सर्वजण विचारतीलच. आईनें त्याआधीं "निघतांना वारा कोणीकडून होता?" एवढें विचारावें. दोन-तीनदां तें विचारलें गेलें, कीं तळ्याच्या कांठीं उभा असतां मुलगा तो प्रश्न स्वतःसच विचारूं लागेल.